दारं-खिडक्या वजा जाता

दान्सो मामा गेले तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते, त्यामुळे त्यांच्या जाण्याचा धक्का असा कोणाला बसला नाही. धक्का बसला तो घराच्या भिंतींकडे पाहून. आमच्यात माणूस गेला की त्याला आधी शवागारात ठेवतात आणि मग सावकाश त्याच्या घराकडे बघतात. कुमासीहून, अक्राहून, जमलं तर इटलीहूनही पाहुणे येणार. लाल-काळे कपडे घालून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दिवसभर बसणार, आणि बसल्या बसल्या बघणार काय, तर भिंती. मामांना दहा मिनिटं, भिंतींना आठ तास.

म्हणून कुळाची बैठक बसली. आमच्या कुळाचे प्रमुख नाना ब्रेम्पोंग. वय चौऱ्याऐंशी, गुडघे त्याहून म्हातारे. त्यांनी अंत्यविधीचा शनिवार ठरवला होता, मामांच्या फोटोसकट पोस्टरं छापून लॉरी-स्टँडपर्यंत चिकटवली होती, आणि आता त्यांना रंगाची आठवण झाली होती. तीन आठवडे हातात.

"अंदाज कोण काढणार?" नानांनी विचारलं.

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. मी या गावच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. 'एका घराच्या भिंती इतक्या लांब, इतक्या उंच, तर रंग किती लागेल' हे गणित मी बहुधा हजार वेळा फळ्यावर सोडवलंय. प्रत्यक्षात कधी कोंबड्यांच्या खुराड्यालाही रंग दिलेला नाही. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

"मास्तरच," नाना म्हणाले. "आणि नीट काढ. वर्गणी एकदाच निघेल. कमी पडलं तर..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, करायची गरजही नव्हती. मागे माझ्या एका चुलत भावाचा मंडपाचा अंदाज चुकला. वडीलधाऱ्यांनी त्याला एक मेंढा आणि जिनच्या दोन बाटल्या दंड केला. मेंढा त्याच दिवशी संपला, पण त्या भावाला लोक अजून 'मेंढा' म्हणूनच हाक मारतात. त्याची नातवंडंसुद्धा.

"घरात खोल्या नऊ," नाना पुढे म्हणाले. "आठ धर. मागची राहू दे."

मागची म्हणजे अफ्राकोमा मामींची. मामांच्या बायकोची.

"ती खोली मी माझ्या पैशाने रंगवीन, नाना," ड्वोमो पटकन म्हणाला. माझा मावसभाऊ, चाळिशीतला, कायम कुणावर तरी उपकार करायला पुढे सरसावलेला. "अंत्यविधी झाला की बघतो. कुळाला तेवढाच भार कमी."

इथे थोडं सांगायला हवं. आमच्यात घर मामाकडून भाच्याकडे जातं. बायको दुसऱ्या कुळाची, मुलंही तिच्याच कुळाची. मुलांनी बापासाठी शवपेटी आणायची आणि मागच्या रांगेत बसायचं. नवरा गेला की बायकोने राहायचं की निघायचं हे नवऱ्याचं कुळ ठरवतं, आणि सहसा तोंडाने ठरवत नाही. आमच्या घरात ते रंगाने ठरायचं. त्याला कारण हाच ड्वोमो. अकरा वर्षांपूर्वी त्याने पुढची एक खोली स्वतःच्या पैशाने रंगवली, आणि रंग वाळायच्या आत दाराला स्वतःचं कुलूप घातलं. रंग माझा, म्हणजे खोली माझी. भांडण आठ महिने चाललं. शेवटी नानांनी जमिनीवर जिन ओतून, पूर्वजांना साक्षी ठेवून निवाडा दिला: "ज्याने रंग दिला त्याचा हक्क. ड्वोमोची त्याला राहू दे. पण यापुढे कुळाच्या रंगाने जी भिंत रंगेल, तिथे कुळाचा शब्द. तिथे राहणाऱ्याला उठवायचं नाही."

आता मागच्या खोलीची खिडकी लॉरी-स्टँडच्या रस्त्यावर उघडते. थंड पेयांचं दुकान टाकायला याहून चांगली खिडकी गावात नाही. हे ड्वोमोला कळत होतं, मला कळत होतं, आणि ओसरीवर चटईवर बसून, काळ्या कपड्यात, कोणाशी न बोलता शेंगा सोलणाऱ्या अफ्राकोमा मामींनाही कळत होतं. त्यांच्या हातातली शेंग तेवढी मध्येच थांबली होती. बैठकीत त्यांना बोलायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं. मामी उठल्या, काही न विचारता टोक धरलं.

मी त्या घरात वाढलो. शाळेसाठी मामांकडे ठेवलं होतं मला, आठ वर्षं. मामींच्या हातचे फुफूचे गोळे आणि भुईमुगाचं सूप खाऊन मी बेरीज शिकलो, भागाकार शिकलो. आता त्या माझ्यासमोर भिंतीच्या एका टोकाला अंगठ्याने टेप दाबून उभ्या होत्या आणि मी आकडे लिहीत होतो. बाहेरच्या भिंती. अंगणाच्या भिंती. एक खोली, दोन खोल्या. आठवी झाली. नववीचं दार आलं. मी टेप गुंडाळायला घेतला.

मामींनी टोक सोडलं नाही.

"का रे यॉ," त्या म्हणाल्या, "माझ्या खोलीपर्यंत पोचत नाही का तुझा टेप?"

"नानांनी आठच सांगितल्यात, मामी."

"हं." त्यांनी टोक सोडलं. टेप सपकन माझ्या बोटांवर आला. "एक्केचाळीस वर्षं त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले मी. घोरायचे फार तुझे मामा. भिंतीला विचार, किती लांब आहे ते सांगेल."

"माहेरी..." मी चाचरत म्हटलं.

"माहेरी भिंतच उरली नाही, रंग कशाला देणार?" असं म्हणून त्या शेंगांकडे परत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "जेवून जा. बारीक झालायस."

मी जेवून गेलो. हीच माझी चूक. उपाशीपोटी माणूस प्रामाणिक गणित करू शकतो.

घरी येऊन मी हिशेब मांडला. एकूण क्षेत्रफळ सहाशे अठ्ठेचाळीस चौरस मीटर. दारं-खिडक्या आतून-बाहेरून चोपन्न, सरासरी दोन मीटर, म्हणजे एकशेआठ. वजा जाता पाचशेचाळीस. दोन हात. जुन्या गिलाव्यावर लिटरला नऊ मीटर. उत्तर एकशेवीस लिटर. वीस लिटरच्या बरोब्बर सहा बादल्या, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. एवढं स्वच्छ उत्तर फक्त पाठ्यपुस्तकात येतं. एकतीस वर्षांत मला त्याचा अभिमान वाटायचा, त्या दिवशी राग आला. सहा बादल्यांत नववी खोली कुठेच बसत नव्हती.

मग मी ते केलं जे केल्याबद्दल मी पोरांना छड्या मारत आलो. नवीन कागद घेतला आणि दारं-खिडक्या वजा केल्याच नाहीत. एकशेचव्वेचाळीस लिटर. सात बादल्या आणि वर एक गॅलनचा डबा. चोवीस लिटर जास्त. मामींच्या खोलीला नऊ पुरले असते. बाकीचे माझ्या भीतीसाठी.

कागदाची घडी खिशात ठेवली आणि रक्तदाबाची गोळी घेतली. दिवसाची एक असते. त्या आठवड्यात माझा तिचाही हिशेब चुकला.

अंदाज तपासायला एक रंगारीही बोलावला होता, बेदियाको नावाचा. टेप, कागद यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. त्याची रीत अशी: कपभर पाणी भिंतीवर फेकायचं आणि मोजायचं. पुढच्या भिंतीवर पाणी नऊ मोजेपर्यंत चमकलं. मागच्या भिंतीवर तीन मोजेपर्यंत गायब.

"ही बेवडी आहे," बेदियाको म्हणाला. "हिला दोन हात म्हणजे नुसता चखणा. तुमचा कागद काय म्हणतो, मास्तर?"

"सात बादल्या, एक गॅलन."

"आठ सांगा."

"सात आणि गॅलन," मी म्हटलं. खोटं बोलतानाही माणसाला आपल्या उत्तराचा अभिमान असतो, हे मला तेव्हाच कळलं.

पुढची बैठक. कुळाच्या वर्गणीची पेटी सांभाळते सेरवा, कुमासीला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि दुर्दैवाने माझी विद्यार्थिनी. चौथीत असताना तिने याच गणितात खिडक्या वजा करायच्या विसरल्या होत्या. सहा खिडक्या, सहा छड्या. ती छडी मी मारली तेव्हा मला वाटलं होतं की मी तिचं भलं करतोय. तसं भलं झालंही. आता तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

तिने कागद हातात घेतला. चष्मा वर सरकवला. बोट ओळीवरून खाली आलं आणि थांबलं.

"मास्तर," ती म्हणाली, "दारं-खिडक्या?"

माझ्या पाठीवरून घामाचा एक थेंब निघाला आणि त्याला कुठेही थांबावंसं वाटलं नाही.

"म्हातारे झाले मास्तर," ड्वोमो हसला. "दारालाच रंग फासणार होते बहुतेक. आता कोंडून घ्यायचं का आम्हाला आत?"

सगळे हसले. सेरवा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने मान थोडी वळवून ओसरीकडे बघितलं. मामी तांदूळ निवडत होत्या. खडा सापडला असावा, कारण हात थांबला होता. मग सेरवाने परत कागदाकडे बघितलं. नऊ खोल्यांचं घर, आठ खोल्यांचा हिशेब आणि चोवीस लिटर उरतंय, हे तिला कळायला किती वेळ लागला असेल? बँकेत लागतो तेवढाच.

"जुना गिलावा आहे," ती म्हणाली. "पितो. वजा न करणंच बरोबर. मीही केलं नसतं." आणि कागदावर सही ठोकली.

नाना डोळे मिटून बसले होते. नाना डोळे मिटून बसले म्हणजे झोपलेत असं समजणाऱ्यांनी आजवर बरेच मेंढे दिलेत.

बैठक उठल्यावर सेरवा माझ्या बाजूने गेली. "एका खिडकीला एक छडी ना मास्तर? चोपन्न झाल्या तुमच्या. हळूहळू देईन."

रंगकाम सुरू झालं. मलईचा रंग, आणि खाली गुडघाभर चॉकलेटी पट्टा, म्हणजे पावसात लाल माती उडाली तरी लाज राहते. मी रोज सकाळी जायचो. लोकांना वाटायचं, मास्तर कामावर लक्ष ठेवतात. मी बादल्यांवर लक्ष ठेवत होतो. एक काठी होती माझ्याकडे, ती बादलीत बुडवायची, ओल्या भागावर बोटं ठेवायची. सोमवारी पुढची भिंत झाली, हिशेबात. मंगळवारी अंगण, हिशेबात. बुधवारी बेदियाको मागच्या भिंतीकडे वळला आणि ती बेवडी प्यायला बसली. एक हात दिला, दिसेना. दुसरा दिला, डाग वर आला. बादली टेकवली की रिकामी.

"पाणी घालू का जरा?" बेदियाकोने विचारलं.

"नको!"

"सगळे घालतात."

"घाल मग," मी म्हटलं. आणखी एक तत्त्व गेलं. तोवर मी मोजायचंही सोडलं होतं.

अंत्यविधी शनिवारी. गुरुवारी दुपारी आठवी खोली संपली आणि बेदियाकोने ब्रश धुतले. उरला तो गॅलनचा डबा, तोही भरलेला नव्हता. काठी बुडवली. साडेतीन लिटर. साडेतीन गुणिले नऊ, साडेएकतीस मीटर, तेही एकच हात दिला तर. खोली एकोणचाळीस मीटरची. एवढं खोटं बोलूनही उत्तर अपुरंच आलं होतं.

आणि मागच्या खोलीच्या दारात एक डबा ठेवलेला होता. निळा. नवाकोरा. झाकणावर ड्वोमोची टोपी.

मामी दाराबाहेर स्टुलावर बसल्या होत्या. "आत्ताच ठेवून गेला," त्या म्हणाल्या. "ब्रश आणायला गेलाय स्टँडवर. म्हणाला, मामी, तुमची सोय करतोय. पाहुणे यायच्या आत उजळ दिसेल."

म्हणजे अंत्यविधीनंतर बघतो म्हणणाऱ्याला आता घाई झाली होती. माझी बादल्यांतली काठी त्याने बघितली असणार. स्टँड तसा जवळच. ब्रश घेऊन, भाव करून, एखादी बाटली पिऊन परत यायला अर्धा तास.

"बेदियाको," मी म्हटलं, "एक खोली. एकच हात."

"आठ ठरल्या होत्या. नववीचे पैसे वेगळे."

मी खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. माझे पैसे दिले की रंग कुळाचा राहत नव्हता. उद्या म्हणाले असते, मास्तरांनीच खोली लाटली.

"मग ब्रश दे."

"मास्तर, तुम्ही?"

"एकतीस वर्षं शिकवलंय हे."

बेदियाकोने ब्रश दिला आणि बघायला थांबला. फुकट तमाशा कोण सोडतो.

मामींनी कपडे, पेटी, मामांची काठी खोलीच्या मधोमध ओढली आणि त्यावर चटई टाकली. मी ब्रश बुडवला. पहिला थेंब माझ्या चष्म्यावर पडला, दुसरा सँडलवर. फळ्यावर रंग कधी गळत नाही. जुनी हिरवी भिंत, चुलीच्या धुराने काळवंडलेली, माझ्या ब्रशखाली ठिगळ-ठिगळ मलईची होत होती.

"वरून खाली घे रे, यॉ," मामी म्हणाल्या. "खालून वर नको. मान बघ कशी झाली."

"दार बघा, मामी."

"बघतेय. नाही आला अजून. तिकडे कोपरा राहिला."

पहिली भिंत. दुसरी भिंत. डब्यात ब्रश टेकवला की तळ वाजायला लागला. तिसऱ्या भिंतीला मी डबा तिरका करून, ब्रशने खरवडून शेवटचं घेतलं, आणि कोपऱ्यावर पोचलो तेव्हा डब्यात काही उरलं नव्हतं. चौथी भिंत, खिडकीची, तशीच हिरवी.

मागे बूट वाजले.

"हे काय?" ड्वोमो. हातात नवा ब्रश. "हे काय चाललंय? ही खोली यादीत नाही!"

"रंग उरला," मी म्हटलं. धाप लागली होती.

"उरला? उरला म्हणून कोणीही कुठेही फासायचा? बरं. फासा. एक भिंत राहिलीय ना? ती मी रंगवतो. आत्ता." त्याने निळ्या डब्याचं झाकण उचकटलं. "माझा रंग, माझा हक्क. नानांचाच शब्द."

"ड्वोमो, थांब जरा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ज्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा तो कुठल्यातरी बादलीत पडला होता.

"थांब रे," दुसरा एक आवाज म्हणाला.

नाना दारात उभे होते. एका हाताला काठी, दुसऱ्या बाजूला सेरवा. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि माझ्याकडे बघितलंच नाही, त्यावरून मला कळलं की नानांना कोणी आणलं.

नाना आत आले. आमच्या कोणाकडे न बघता पहिल्या भिंतीला बोट लावलं. बोट मलईचं झालं. दुसऱ्या भिंतीला लावलं. तिसऱ्या. मग ते बोट बराच वेळ नाकासमोर धरलं, जणू वास घेऊन पैसे कोणाचे ते कळणार होतं. मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांच्या काळ्या ओढणीवर पांढुरका पट्टा उमटला होता.

"रंग कोणाचा?" नानांनी विचारलं.

"कुळाचा," सेरवा म्हणाली. "पावती पेटीत आहे. माझी सही आहे."

"नाना, फसवणूक आहे ही!" ड्वोमो म्हणाला. "मास्तरांनी दारं-खिडक्या मुद्दाम वजा केल्या नाहीत. आणि चौथी भिंत अजून मोकळी आहे. ती माझी."

"तुझी," नाना म्हणाले. "घे की. रंगव. एका भिंतीचा मालक हो." सेरवाने बाहेरचं स्टूल आत ओढलं, त्यावर ते काठी टेकवत बसले. "बाकीच्या तीन भिंती कुळाच्या, आणि तिथे राहणाऱ्याला उठवायचं नाही, हा माझा शब्द. जमिनीवर जिन ओतलीय मी त्याच्यावर, अर्धी बाटली. तू तुझ्या भिंतीत दुकान काढ. गिऱ्हाईक आलं की मामीला विचार, आत येऊ का म्हणून."

दाराबाहेर बेदियाको खोकला. खोकलाच असावा.

ड्वोमोने झाकण परत डब्यावर ठेवलं आणि तळहाताने दाबलं. टोपी घातली. डबा उचलला आणि निघाला. निळ्या रंगाचा एक ओघळ अंगणातून फाटकापर्यंत गेला; शनिवारी पाहुणे त्याच्यावरूनच चालत आले.

मामींनी मामांची काठी चटईखालून काढली आणि तिच्या जागी, दाराच्या कोपऱ्यात, उभी केली. मग म्हणाल्या, "नाना, सूप आहे. बसा." आणि बाहेर गेल्या. चुलीपाशी बराच वेळ भांडी वाजत होती. एवढी भांडी एका सूपाला लागत नाहीत.

मी डबा हातात धरून उभा होतो.

"मास्तर," नाना म्हणाले.

"नाना."

"अंत्यविधी झाला की सोमवारी या चौथ्या भिंतीचा अंदाज काढून आण. कुळाच्या पेटीतून मिळेल."

"हो नाना."

नाना उठले. दारापर्यंत गेले आणि काठी टेकून थांबले, पाठमोरेच.

"आणि या वेळी खिडकी वजा कर."